खोल पाण्यातले जिगिंग आणि आमिषाचा रंग

शिसे, टंगस्टन अशा जड धातूचे मासोळीच्या आकाराचे कृत्रिम आमिष दोरीने थेट खाली सोडायचे, काठीच्या झटक्याने वर उचलायचे, पुन्हा पडू द्यायचे आणि या चढउतारावर मासा ओढून आणायचा, या पद्धतीला जिगिंग म्हणतात व त्या आमिषाला जिग. जिग कोणत्या रंगाचा घ्यावा, हा गळ टाकणाऱ्यांमधला जुना वाद आहे. त्याचे थोडक्यात उत्तर असे : स्वच्छ आणि उथळ पाण्यात रंगाला अर्थ असतो. खाली जावे तसतसा रंग पुसला जातो आणि शेवटी मागच्या पाण्यापेक्षा जिग उजळ दिसतो की गडद, एवढाच फरक उरतो. मात्र ‘खाली’ म्हणजे किती, हे दोरीच्या लांबीवरून ठरत नाही. तिथे उजेड किती पोचतो यावरून ठरते. खानदेशात हे विशेष लक्षात घ्यावे लागते, कारण श्रावणातल्या तापीच्या गढूळ पाण्यात कमरेइतक्या खोलीवर जो अंधार असतो, तो निळ्या समुद्रात शंभर मीटरच्याही खाली भेटतो.

पाण्यात उजेडाचे काय होते

पाणी सगळे रंग सारखे शोषत नाही. लाल सर्वांत आधी जातो, मग नारिंगी, मग पिवळा; हिरवा आणि निळा मागे राहतात. शुद्ध पाण्यातसुद्धा ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल उजेड पाच मीटरवर साधारण पाचव्या हिश्श्याइतका उरतो आणि दहा मीटरवर शंभरात तीन भाग. त्याच शुद्ध पाण्यात, फक्त शोषण हिशेबात धरले तर, ४५० नॅनोमीटरचा निळा उजेड शंभर मीटरवरही चाळीस टक्क्यांच्या आसपास टिकतो.

लाल वस्तू लाल दिसते ती तिच्यावर पडलेला लाल उजेड ती परत फेकते म्हणून. तो उजेडच खाली पोचला नाही, तर लाल जिग काळा दिसतो. अहिराणीत ज्याला ‘काया’ म्हणतात, तसा. खोल समुद्रातले कित्येक मासे आणि कोळंब्या लालभडक असतात त्याचे कारण हेच आहे. वर काढल्यावर डोळ्यांत भरणारा तो रंग खाली त्यांना लपवतो. पांढऱ्या जिगचे उलटे आहे. भोवती ज्या रंगाचा उजेड असेल तोच पांढरा जिग परत फेकतो. निळ्या पाण्यात पांढरा जिग निळसर दिसतो, हिरव्या पाण्यात हिरवट, पण उजळ राहतो.

एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. उजेडाला दोनदा वाट चालावी लागते : आधी पृष्ठभागावरून जिगपर्यंत आणि मग जिगपासून माशाच्या डोळ्यापर्यंत. म्हणून तीन मीटर खोलीवरचा शेंदरी जिग एका हातावरून शेंदरी दिसेल, चार मीटर लांबून मात्र मळकट तपकिरी.

गोड्या पाण्याचा वेगळा हिशेब

वर सांगितलेला क्रम निळ्या समुद्राचा आहे. बाजारात मिळणाऱ्या जिगच्या पाकिटांवरचा सल्लाही बहुधा तोच असतो, आणि तो जसाच्या तसा धरणावर आणणे चूक आहे. नदी-तलावाच्या पाण्यात कुजलेल्या पाल्याचा पिवळसर अर्क उतरलेला असतो. तो निळा उजेड आधी गिळतो. शेवाळ निळा आणि लाल दोन्ही शोषून हिरवा सोडते. त्यामुळे धरणाच्या निवळ पाण्यात सर्वांत खोल पोचतो तो हिरवा-पिवळा उजेड, निळा नव्हे. समुद्रात खोलवर उजळ राहणारा निळा जिग अशा पाण्यात काळपट होतो आणि पोपटी जिग उजळ राहतो.

गाळाचे आणखी निराळे. काळ्या मातीचे बारीक कण उजेड शोषतात तसे चहूकडे उधळतातही, त्यामुळे भोवती दाट धुके असावे तसे होते. धुक्यात दिवा लावला तरी तो जवळूनच दिसतो; गाळात जिग कितीही चमकदार असो, वीतभर अंतरापलीकडे तो माशाच्या दृष्टीने नसल्यात जमा.

खानदेशातले खोल पाणी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत भोई, कोळी आणि भिल्ल समाजांची मासेमारी प्रामुख्याने जाळ्याची आणि साध्या गळाची आहे : बांबूची काठी, तंगूस (नायलॉनची दोरी), बुचाचा तरंगा आणि गळाला कणकेचा गोळा नाही तर गांडूळ. जिगिंग इथले नव्हे; ते हौशी लोकांनी अलीकडे आणले. त्याला लागते तसे सरळ खाली खोल पाणीही इथे मोजक्याच ठिकाणी आहे.

भुसावळजवळचे हतनूर धरण तापीवर आहे आणि त्याचा फुगवटा चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमाकडे पसरतो. दोन नद्यांचा गाळ तिथे येत असल्याने पावसाळ्यात आणि त्यानंतरही काही काळ तिथे रंगाची चर्चा करण्यात अर्थ नसतो. जामनेर तालुक्याकडचे वाघूर आणि नांदगाव तालुक्यातले गिरणा ही धरणे हिवाळ्यात निवळतात. गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात असले तरी त्याच्या पाण्यावर गिरणाकाठचे जळगावकर जगतात, म्हणून ते इथे धरले आहे. गुजरातेतल्या उकाई धरणाचे पाणी १९७२ पासून नंदुरबार जिल्ह्याच्या कडेला भिडलेले आहे.

खऱ्या अर्थाने खोल पाणी आहे ते सातपुड्यात, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांच्या उत्तर सीमेवर, सरदार सरोवराच्या फुगवट्यात. पूर्ण जलपातळी समुद्रसपाटीपासून १३८.६८ मीटर असलेल्या या जलाशयात महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली. तिथे दोरी सोडताना खाली कोणाची शेते आणि घरे होती याचे भान ठेवावे. ते पाणी काठच्या आदिवासी कुटुंबांना फार महाग पडलेले आहे. डोंगरउतार सरळ पाण्यात उतरल्याने काठापासून थोड्याच अंतरावर तिथे जिगला हवी तशी खोली मिळू शकते.

धरणांतल्या मासेमारीचा ठेका सामान्यतः मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. हौशी माणसाने आधी त्यांना विचारूनच काठी काढावी.

ताटलीचे माप

पाणी किती निवळ आहे हे मोजण्याची सर्वांत साधी रीत १८६५ मध्ये इटालियन खगोलशास्त्रज्ञ व धर्मगुरू अँजेलो सेकी यांनी भूमध्य समुद्रात वापरली. पांढरी तबकडी दोरीने खाली सोडायची आणि ती नजरेआड होते ती खोली नोंदवायची. तलावांसाठी आज वापरतात ती तबकडी २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची असते. घरची पांढरी ताटली, तिला खाली बांधलेला दगड आणि हातहातभर अंतरावर गाठी मारलेली दोरी एवढ्यावरही काम भागते. उन्हात, आपल्याच सावलीच्या बाजूने पाहावे म्हणजे पाण्यावरची चकाकी आड येत नाही.

ताटली दिसेनाशी होते त्या खोलीच्या साधारण दोन ते तीन पट खाली गेल्यावर पृष्ठभागावरच्या उजेडाचा शंभरावा भागच उरतो. म्हणजे ताटली फूटभरावर गेली, तर तीन फुटांच्या आत दिवस जवळपास संपतो. ती दोन परसांवर (परस म्हणजे साधारण पुरुषभर खोली) गेली, तर रंगाला खेळायला चांगली जागा आहे. विहिरी परसांत मोजणाऱ्या मुलखाला हे माप कळायला अवघड जाऊ नये.

माशाचा डोळा

माणसासारख्याच माशाच्या डोळ्यात दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकू रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो; दंड मंद उजेडात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. दिवसा वरच्या थरात हिंडणाऱ्या कार्प कुळातल्या माशांची रंगदृष्टी उत्तम असते. त्याच कुळातल्या गोल्डफिशला चार प्रकारचे शंकू असतात, म्हणजे माणसापेक्षा एक जास्त. गोड्या पाण्यातल्या अनेक माशांच्या डोळ्यातले रंगद्रव्य लाल बाजूकडे झुकलेले असते, ते त्यांच्या पिवळट-तपकिरी पाण्याला साजेसेच आहे. रोहू, कटला, मृगळ याच कुळातले. पण ते जिगच्या मागे धावणारे मासे नव्हेत. जिगला खरे भाव देतात ते शिकारी मासे : मरळ, तळाशी फिरणारे मिशाळ मासे, आणि नदीच्या नशिबाने उरला असेल तर महसीर.

तिन्हीसांज झाली की शंकू मागे पडतात आणि दंड काम हाती घेतात. मग पोपटी असो की गुलाबी, माशासाठी सगळे राखाडीच. खोल समुद्रातल्या बहुतेक माशांकडे तर दंडच असतात आणि तेही निळ्या उजेडाला, ४८० नॅनोमीटरच्या आसपास, जुळलेले. त्यांच्यासाठी रंग हा विषयच नाही.

गढूळ पाण्यातला मासा डोळ्यावर विसंबत नाही. अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या पार्श्वरेषेने तो पाण्यातली हालचाल टिपतो. मिशाळ मासे मिशांनी चव घेत फिरतात. तिथे जिगचा आकार, वजन, पडताना होणारी थरथर आणि खडकावर बसणारा ठोका यांचे मोल रंगापेक्षा कितीतरी जास्त.

मग काय वापरावे

मासा जिग कुठून बघतो ते आधी ठरवावे. खालून पाहणाऱ्याला मागे उजळलेले आभाळ असते. तिथे काळा जिग सर्वांत ठळक, रात्रीसुद्धा. वरून, गाळाच्या तळावर पडलेला जिग पाहणाऱ्याला पांढरा. बाजूने पाहणाऱ्याला मागे धूसर पाणी असते, आणि तिथे अगदी फिका व अगदी गडद असे दोन्ही पट्टे असलेला जिग उठून दिसतो. लाल डोक्याचे पांढरे आमिष इतके का चालते, याचा उलगडाही बहुधा इथेच असावा : लाल मेला तरी काळे डोके आणि पांढरे अंग उरतेच.

फ्लोरोसंट रंग वेगळ्या जातीचे आहेत. ते आखूड तरंगलांबीचा उजेड घेऊन लांब तरंगलांबीचा परत देतात. म्हणून लाल उजेड न पोचणाऱ्या खोलीवरही, हिरवा-निळा उजेड असेल तर फ्लोरोसंट नारिंगी नारिंगीच दिसतो. पण निळा उजेड आधीच गेलेल्या पिवळट पाण्यात फ्लोरोसंट पोपटीची धार कमी होते.

अंधारात चमकणाऱ्या जिगना स्वतःचा उजेड असतो. जुन्या मुलाम्यात झिंक सल्फाइड असे आणि ते लवकर विझे. १९९० च्या दशकापासून स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट आले, जे विजेरीच्या उजेडावर भरून कितीतरी अधिक वेळ हिरवट चमकते. खोल निवळ पाण्यात आणि रात्री त्याचा उपयोग खरा आहे. पुराच्या पाण्यात नाही.

अनुभवाने रंग ठरवताना एक चूक फार होते. ज्याला पोपटी लाभतो असे वाटते तो दिवसभर पोपटीच बांधतो, आणि मासे साहजिकच पोपटीलाच लागतात. खरे तपासायचे तर एकाच वजनाचे, एकाच आकाराचे, फक्त रंगाने वेगळे दोन जिग घ्यावेत, त्याच जागी वीस-वीस वेळा सोडून आळीपाळीने बदलावेत, आणि लागलेल्या माशांबरोबर रिकाम्या फेऱ्याही वहीत लिहाव्यात. त्याच पानावर ताटलीची खोली आणि वेळ टिपावी, म्हणजे पौषातली वाघूरची नोंद भाद्रपदातल्या हतनूरच्या नोंदीत मिसळत नाही.