चालकाच्या अपघाताचा आढावा सुरक्षा समितीपुढं: अर्ज कुणी करायचा, कागद कोणते लागतात

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या कारखान्याची गाडी कुठं घासली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ड्रायव्हर कोण होता?" सुरक्षा समितीनं तिथं थांबायचं नसतं. अपघात कशामुळं झाला आणि तो पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलायचं, एवढंच तिचं काम. शिक्षेचा विचार खात्याच्या चौकशीत होतो, गुन्ह्याचा न्यायालयात. हे तिन्ही विषय एका बैठकीत कालवले, की चालक गप्प बसतो आणि आढाव्यात दुरुस्तीच्या बिलाशिवाय काही उरत नाही.

समितीत कोण असतं

धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली समिती, अशी तरतूद कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेच्या कलम २२ नुसार समितीतले कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. चार-पाच ट्रकच्या ट्रान्सपोर्टवाल्याकडं अशी समिती बहुधा नसते. तिथं मालक, एक जुना चालक आणि बाहेरचा मेकॅनिक असे तिघं बसले तरी पुष्कळ झालं.

ज्यानं ती ट्रिप लावली त्या सुपरवायझरनं मात्र त्या दिवशी समितीत बसू नये. माहिती द्यायला यावं, द्यावी आणि बाहेर जावं.

अर्ज कुणी, कधी करायचा

समितीनं अपघाताचा आढावा घ्यावा, या अर्जाचा सरकारी नमुना नाही. साध्या कागदावर समितीच्या सचिवांच्या नावे लिहायचा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायची. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. कायम चालकाबरोबर कंत्राटी चालकानंही अर्ज करावा, कारण ठेकेदार आणि कंपनी एकमेकांकडं बोट दाखवतात तेव्हा त्याच्या हातात तेवढाच कागद असतो. कुणाला लागलं नसलं, नुसता आरसा फुटला असला, तरीही अर्ज करा.

त्याआधीची कामं कायद्यानं ठरवून दिली आहेत. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३४ प्रमाणं जखमीला उपचार मिळवून द्यायचे, पोलिसांना जास्तीत जास्त २४ तासांत कळवायचं आणि विमा कंपनीलाही माहिती द्यायची. कुणी जखमी किंवा मयत असेल तर तपास अधिकारी चालकाकडून नमुना ३ (चालकानं अपघाताची माहिती द्यायचा फॉर्म) भरून घेतात. त्याची मुदत ३० दिवसांची. त्यातला मजकूर आणि समितीपुढचा मजकूर जुळला पाहिजे, म्हणून भरलेल्या नमुन्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

कागद

लायसन्स, आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी हे नेहमीचे. पोलिसांत नोंद झाली असेल तर एफआयआर आणि घटनास्थळाच्या पंचनाम्याची प्रत, आरटीओच्या निरीक्षकानं गाडी तपासली असेल तर तो अहवाल.

खरी मदत होते ती दुय्यम वाटणाऱ्या कागदांची. मागच्या सात दिवसांची हजेरी आणि ट्रिपशीट मागा. कामाची कायदेशीर मर्यादा दिवसाला आठ तासांची आहे. वजनकाट्याची पावती गाडी किती भरली होती ते सांगते. किणी टोलनाक्याची फास्टॅग नोंद आणि जीपीएस वेळ सांगतात. गाडीच्या तक्रारवहीत "ब्रेक कमी लागतोय" अशी आधीची नोंद असेल, तर ते पान सगळ्यात आधी लावा. वही गॅरेजातच असते आणि अपघातानंतर ती सापडेनाशी होते, हे ज्यानं त्यानं ओळखावं.

जबाब लिहिताना अंदाज नको, घडलं ते लिहा. "ब्रेक फेल झाला" हा अंदाज झाला. "पॅडल तळाला गेलं, गाडी थांबली नाही" हे घडलेलं. क्लीनरचा जबाब वेगळा घ्यावा, दोघांना समोरासमोर बसवून नव्हे.

समितीनं काय विचारायला हवं

समजा, गळिताच्या हंगामात रात्री कागलजवळ ट्रक उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. "लक्ष कुठं होतं?" एवढंच विचारून भागत नाही. ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर होते का? ट्रकचे हेडलाइट कधी तपासले? चालक आदल्या रात्री झोपला होता का, की माल पोचवायच्या घाईत त्याला तसाच परत पाठवला? पावसाळ्यात आंबा घाटात धुकं असताना पोचायची वेळ कोरड्या दिवसाचीच ठेवली असेल, तर ती ठरवणाऱ्यालाही प्रश्न विचारावा. आणि हाच नियम साहेबांच्या पाहुण्याच्या गाडीलाही लावावा. तिथंच समितीची परीक्षा असते.

अहवालात चालकाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत हवं आणि सही करण्याआधी त्याला प्रत वाचायला मिळावी. कोऱ्या कागदावर सही करू नका.

पगारातून कापलं तर

समितीचा अहवाल म्हणजे कपातीचा आदेश नव्हे. वेतन संहिता, २०१९ प्रमाणं नुकसानीपोटी कपात करण्याआधी कामगाराला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि रक्कम त्याच्या हलगर्जीमुळं झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त असता येत नाही. सगळ्या कपाती मिळून त्या वेतन कालावधीच्या पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. हे नियम मोडून कापलं तर पगाराची स्लिप, अहवालाची प्रत आणि पोच घेऊन कोल्हापूरच्या कामगार कार्यालयात जा. दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे.