परदेशी पैसा आणि मतदान केंद्रावरचा कागद

गडचिरोलीतल्या संवेदनशील भागात मतदान दुपारी 3 लाच संपतं. यंत्र बंद झालं की केंद्राध्यक्ष नमुना 17-सी भरतात. त्यात यंत्राचा क्रमांक, यादीतले मतदार आणि यंत्रात नोंदलेली एकूण मतं असतात. सहीची प्रत पोलिंग एजंटला, म्हणजे केंद्रावरच्या उमेदवाराच्या प्रतिनिधीला मिळते. ती जपून ठेवावी. मोजणीच्या दिवशी त्याच यंत्राचा एकूण आकडा जुळला नाही, तर हरकत घ्यायला हाच आधार.

निवडणुका सुधारण्यासाठी श्रीमंत देश गरीब देशांना पैसा देतात. तो खरा कामी येतो केंद्राकेंद्रावरचे असे आकडे स्वतंत्रपणे जमवण्यात. चिलीत लष्करशहा पिनोशे सत्तेवर राहावेत का, यावर 5 ऑक्टोबर 1988 ला सार्वमत झालं, त्यात सरकारी आकडे रखडले. पण अमेरिकी मदतीच्या आधाराने उभी राहिलेली समांतर मोजणी, म्हणजे केंद्रांवरून स्वतंत्रपणे जमवलेल्या आकड्यांची बेरीज, तयार होती. त्याच रात्री लष्करी राजवटीतल्या हवाई दलप्रमुखांनीच विरोधक जिंकल्याचं मान्य केलं.

अशा समांतर मोजणीत सगळी केंद्रं मोजायची गरज नसते. चिठ्ठ्या टाकून निवडलेली हजार-दीड हजार केंद्रं मोठ्या देशालाही पुरतात, मात्र निवडलेल्या प्रत्येक केंद्राचा आकडा यायला हवा. कापसाच्या गाडीत व्यापारी खोलवर हात घालतो, कारण वरच्या कोरड्या कापसावरून खालची ओल कळत नाही. गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्लीसारख्या दुर्गम भागातून फोन लागला नाही आणि रस्त्यालगतच्या गावांवरूनच अंदाज बांधला, तर तो हमखास एका बाजूला झुकतो. आडभागातली माणसं वेगळं मत देत असू शकतात. अशा वेळी जवळचं दुसरं केंद्र घेऊन जागा भरणं ही सर्वांत घातक चूक. केंद्राचा आकडा कळवणारा निरोप्या कोणत्या गावापर्यंत जाऊन फोन करणार, हे आधीच ठरवावं लागतं.

निरीक्षक नेमले की घोळ घटतो, पण सगळा नाही. घानात 2008 च्या मतदार नोंदणीत निरीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या काही नोंदणी केंद्रांवर पाठवले होते. तिथला घोळ कमी झाला, त्यातला काही शेजारच्या केंद्रांकडे सरकला. म्हणून शेजारची केंद्रंही तपासावीच लागतात.

केनियात ऑगस्ट 2017 मध्ये परदेशी निरीक्षकांनी मतदानाची वाखाणणी केली. पण 40,883 केंद्रांचे निकालपत्रक, म्हणजे नमुना 34-ए, सगळे हाती येण्याआधीच निवडणूक आयोगाने अध्यक्ष जाहीर केला. 1 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द केली. निरीक्षकांचा मुक्काम आकड्यांची बेरीज होते त्या खोलीत, शेवटचा कागद येईपर्यंत हवा होता.