ब्रिटिश भारतातील तारेचे नियम व दर

ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात तार पाठवण्याच्या सेवेवर सरकारचा मक्ता होता. शब्दांची मोजणी, आकारणी, संदेशांचा अग्रक्रम, गुप्तता आणि शिक्षा यांबाबतचे नियम कायद्याने किंवा कायद्याखाली काढलेल्या नियमावलीने ठरत. तारयंत्रणा मुळात राज्यकारभारासाठी व लष्करासाठी उभारली होती. ती जनतेलाही पैसे भरून वापरता येई, पण दुय्यम गिऱ्हाईक म्हणून. जवळपास प्रत्येक नियमामागे हाच दृष्टिकोन दिसतो.

ईस्ट इंडिया कंपनीचे डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी कलकत्ता ते डायमंड हार्बर मार्गावर प्रायोगिक तार टाकल्यावर १८५१ पासून ती कंपनीच्या कामासाठी वापरली जाऊ लागली. १८५४ मध्ये मुंबई–ठाणे तार सुरू झाली. त्याच वर्षीच्या कायद्याने तारेचा मक्ता सरकारकडे गेला आणि १८५५ च्या आरंभी सेवा सर्वांना खुली झाली. सुरुवातीची आकारणी दर ४०० मैलांना १६ शब्दांसाठी १ रुपया अशी होती आणि या १६ शब्दांत पत्ताही धरला जाई. संध्याकाळी ६ ते सकाळी ६ या वेळेत दर दुप्पट. मुंबई ते कलकत्ता हे आग्र्यावरून जाणारे अंतर ढोबळमानाने १६०० मैल धरले, तर १६ शब्दांना ४ रुपये पडत. १८५४ च्या टपाल सुधारणेनंतर पाव तोळ्याचे पत्र देशात कुठेही अर्ध्या आण्यात जाई, म्हणजे तेवढ्याच पैशांत १२८ पत्रे धाडता आली असती. तेव्हा तार हे पेढ्यांचे, कापसाच्या आणि अफूच्या व्यापाऱ्यांचे साधन राहिले यात नवल नाही. बाजारभाव काही तास आधी कळला तर चार रुपये सहज वसूल होत. १८५७ च्या मे महिन्यात दिल्लीच्या तार कचेरीतून अंबाल्याला गेलेल्या उठावाच्या खबरेनंतर सरकारला या यंत्रणेचे मोल वेगळे पटवून द्यावे लागले नाही.

१८८२ च्या दरपत्रकात अंतराचा हिशेब नव्हता. अर्जंट, ऑर्डिनरी आणि डिफर्ड असे तीन वर्ग होते आणि आठ शब्दांना त्यांचे दर अनुक्रमे २ रुपये, १ रुपया व ८ आणे होते. या दरात पत्त्याचे पैसे पडत नसत. डिफर्ड तार वाहतूक ओसरल्यावर, बहुधा रात्री, सुटे आणि दुसऱ्या दिवशी हाती पडे. १९०४ पासून डिफर्ड तार ४ आण्यांत जाऊ लागली. मात्र आता दहा शब्दांत पत्ताही मोजायचा होता. दर निम्मा झाला खरा, पण नाव, गल्ली आणि गाव लिहून उरलेल्या पाच-सहा शब्दांत निरोप बसवावा लागे. पुढे तीन वर्ग जाऊन एक्स्प्रेस आणि ऑर्डिनरी असे दोनच राहिले.

आकारणी शब्दावर असल्यामुळे शब्द कशाला म्हणायचे, हा नियमावलीतला सर्वांत किचकट भाग होता. १८७५ च्या सेंट पीटर्सबर्ग करारात युरोपातल्या तारांसाठी १५ अक्षरांपर्यंत आणि युरोपाबाहेरच्या तारांसाठी १० अक्षरांपर्यंत एक शब्द धरला गेला. हिंदुस्थानचे तारखाते आंतरराष्ट्रीय तारसंघात १८६९ पासून सदस्य होते, त्यामुळे परदेशी तारांना हे नियम लागू असत. साधी भाषा, सांकेतिक शब्द आणि निव्वळ आकडे किंवा अक्षरांचे गट यांची मोजणी निराळी असे. व्यापाऱ्यांनी यावर चांगला तोडगा काढला होता. छापील कोशातला एक सांकेतिक शब्द अख्ख्या वाक्याचे काम करी. वार्षिक फी भरून पेढीचा लांबलचक पत्ता एका शब्दात नोंदवून घेण्याची सोयही होती. मराठी किंवा अन्य देशी भाषांतला मजकूर रोमन लिपीत लिहून द्यावा लागे. देवनागरीतून तार पाठवण्याची सेवा स्वातंत्र्यानंतर आली.

पैसे आगाऊ भरावे लागत. त्यासाठी १८६० पासून तारेची खास तिकिटे होती. त्यांतल्या लांबट जोडतिकिटांवर राणी व्हिक्टोरियाची दोन चित्रे असत. तिकीट मधोमध कापून एक भाग पाठवणाऱ्याच्या पावतीवर आणि दुसरा अर्जावर लावत. संग्राहकांकडे ही तिकिटे बहुतेक अर्धीच सापडतात ती यामुळे. उत्तराचे पैसेही आधीच भरता येत. ठराविक हद्दीपलीकडे तार पोचवायची तर हरकाऱ्याचे किंवा टपालाचे पैसे वेगळे पडत. १८८३ पासून टपाल कचेऱ्यांतही तारा स्वीकारल्या जाऊ लागल्या आणि रेल्वे स्टेशनांवरची तारयंत्रेही लोकांच्या कामी येत. गावोगावी तार खऱ्या अर्थाने पोचली ती या दोन सोयींमुळे. वृत्तपत्रांच्या बातम्यांना सवलतीचा दर होता.

अग्रक्रमात सरकारी तारा पुढे असत. ‘क्लिअर द लाइन’ असा शेरा असलेला संदेश आला की बाकी सगळे बाजूला ठेवून तो आधी पाठवावा लागे. आक्षेपार्ह किंवा घबराट पसरवणारा मजकूर नाकारण्याचाही अधिकार कचेरीला होता.

१८६० व १८७६ च्या कायद्यांनंतर आलेला १८८५ चा तेरावा कायदा, म्हणजे इंडियन टेलिग्राफ अ‍ॅक्ट, १ ऑक्टोबर १८८५ पासून अमलात आला. कलम ४ ने सरकारचा मक्ता पुन्हा निश्चित केला आणि कलम ७ ने दर व नियम ठरवण्याचा अधिकार दिला. कलम ५ प्रमाणे सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी तार अडवता, रोखता किंवा उघड करता येई. कलम ९ तर गिऱ्हाइकाला सरळ वाऱ्यावर सोडणारे होते. तार स्वीकारणे, पाठवणे किंवा पोचवणे यांत नोकराने कसूर केल्याने नुकसान झाले, तरी सरकार जबाबदार नाही. नोकरही जबाबदार ठरे तो निष्काळजीपणा, दुष्टावा किंवा लबाडी सिद्ध झाली तरच. पैसे आधी घ्यायचे आणि जोखीम मात्र गिऱ्हाइकाची, असा हा एकतर्फी व्यवहार होता.

नोकरांवर मात्र कायद्याचा धाक होता. संदेश दडवणे, बदलणे किंवा फोडणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होती आणि फुकट तार पाठवण्याची लबाडी केली तरी तेवढीच. दारू पिऊन किंवा हलगर्जीपणे काम केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०० रुपयांपर्यंत दंड होई. बनावट तार पाठवणाऱ्या कुणालाही तीन वर्षांपर्यंत, तर चुकून आलेली दुसऱ्याची तार मुद्दाम ठेवून घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शके. न्यायालयांपुढे वेगळाच प्रश्न असे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ८८ नुसार पोचलेली तार व पाठवण्यासाठी दिलेला मजकूर एकच आहे, असे न्यायालय गृहीत धरू शके. पण ती कोणी दिली हे गृहीत धरता येत नसे. तारेवर सही नसते, ही अडचण कायद्याने लवकर ओळखली होती.

पहिल्या महायुद्धात परदेशी तारांवर सेन्सॉर बसला आणि खासगी सांकेतिक भाषेला बंदी झाली. त्यामुळे मुंबईच्या पेढ्यांना कोश बाजूला ठेवून पूर्ण वाक्यांचे पैसे मोजावे लागले. १८८५ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही दुरुस्त्यांसह टिकला. भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हाही तो लागू होता आणि टेलिफोन टॅप करण्याचा सरकारी अधिकार त्याच्याच पाचव्या कलमातून येत होता. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याची जागा घेतली.