पान लाल पडलं: मॅग्नेशियम कमी की लीफरोल?

जानेवारीत अथणी-तेलसंगकडच्या शरद सीडलेस या काळ्या द्राक्षाच्या बागेत खालची पानं लाल पडायला लागली की निदान ठरलेलं: मॅग्नेशियम कमी पडलं. बऱ्याचदा ते खरंही असतं. गोडी भरावी म्हणून आपण ड्रिपमधून पोटॅश इतकं सोडतो, की मुळांना मॅग्नेशियम उचलताच येत नाही. पण लीफरोल हा विषाणूरोगही याच सुमारास, याच जुन्या पानांवर दिसतो. शिरा हिरव्या, मधला भाग लाल, दोन्हीकडं तेच.

कडा बघा. लीफरोलमध्ये त्या पानाच्या पाठीकडं वळतात. मॅग्नेशियमच्या कमतरतेत पान बहुधा सपाट राहतं. पोटॅश कमी असेल तरी कडा वळतात, शिवाय करपतातही, म्हणून नुसत्या पानावर भरवसा नको. बेदाण्याच्या थॉमसन या हिरव्या द्राक्षात तर लाली येतच नाही, फिकट पिवळेपणा तेवढा.

माझ्या मते पानापेक्षा बाग जास्त सांगते. जिथं मुरूम वर आलाय तिथला पट्टाच्या पट्टा लाल असेल, तर खताचा प्रश्न. एक झाड भडक लाल, शेजारचं हिरवंगार आणि पुढच्या हंगामात त्याच ओळीतलं लगतचं झाड लाल, तर संशय लीफरोलचा. हा रोग मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण ही कीड पसरवते. तिची बारीक पिल्लं ओलांड्यावरून (तारेवर आडव्या नेलेल्या फांदीवरून), वाऱ्यावरून, मजुरांच्या कपड्यांवरून पुढं सरकतात. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की तिथली सुटी साल नखानं सोला. आत कापसासारखं पांढरं आणि त्याखाली गुलाबी किडे सापडतील. मिलीबग दिसला म्हणजे विषाणू आहेच असं नाही, पण असलाच तर त्याला वाहन मिळालंय.

कमतरता पानांच्या देठ परीक्षणात कळते आणि मॅग्नेशियम सल्फेटनं आवरते. लीफरोलची खात्री प्रयोगशाळेतच होते, आणि त्यावर औषध नाही. गोडी उशिरा भरते, काळ्या जातीला रंग नीट चढत नाही. दुकानदार खताची पिशवी देईल, पण ती या झाडाला उपयोगाची नाही.

संशयित झाडाला आत्ताच फीत बांधा. द्राक्ष निघाल्यावरच्या खरड छाटणीनंतर पानंच उरत नाहीत, मग ओळखणार कशावरून? छाटणीच्या कात्रीनं हा रोग पसरत नाही, काडीनं मात्र पसरतो, तिथं किडीचीही गरज नाही. जत-तासगावच्या पाहुण्यांकडून काड्या आणून डॉगरीज या खुंटावर कलम भरायची आपल्याकडं रीत आहे. काडी घ्यायची असेल तर ती बाग जानेवारी-फेब्रुवारीतच, पानं अंगावर असताना, फिरून बघून या.