फ्रीक्वेंट फ्लायर खाते: कोणाला उघडता येते, अर्जात काय भरायचे, माइल्स कुठे अडकतात

विमान कंपनीच्या फ्रीक्वेंट फ्लायर योजनेत प्रवासागणिक माइल्स नावाचे गुण खात्यात जमतात आणि त्यांवर पुढे तिकीट काढता येते. तिचे सदस्यत्व जवळपास सगळीकडे मोफत असते. अर्ज ऑनलाइन, पाच-दहा मिनिटांचा, आणि सहसा एकही कागद जोडावा लागत नाही. त्यामुळे खाते उघडावे की नाही यावर फार डोके खाजवण्यासारखे काही नाही, उघडून टाकावे. विचार करायचा तो दोन गोष्टींचा: खाते कोणत्या कंपनीचे, आणि त्या खात्यात भर पडावी म्हणून दुसऱ्या कंपनीचे स्वस्त तिकीट सोडायचे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वर्षातून दोन-चार वेळा उडणाऱ्यासाठी जवळजवळ नेहमीच 'नाही' असे येते.

योजनेत पैसा कुठून येतो

अमेरिकन एअरलाइन्सने 1 मे 1981 रोजी आपली अ‍ॅडव्हांटेज योजना सुरू केली आणि काही दिवसांतच युनायटेडने स्वतःची आणली. तेव्हा माइल म्हणजे खरोखर उडलेले मैल होते. आता बऱ्याच ठिकाणी तसे नाही. डेल्टा आणि युनायटेडने 2015 मध्ये, तर अमेरिकनने 2016 मध्ये अंतराऐवजी तिकिटावर खर्च केलेल्या रकमेनुसार माइल्स द्यायला सुरुवात केली. त्यामुळे लांबचे पण स्वस्तातले तिकीट काढणाऱ्याच्या पदरात पूर्वीपेक्षा बरेच कमी पडू लागले.

कंपन्या हे माइल्स बँकांना घाऊक विकतात आणि बँका ते क्रेडिट कार्डधारकांना वाटतात. हा धंदा केवढा मोठा आहे ते कोविडच्या महामारीत दिसले: विमाने जमिनीवर उभी असताना युनायटेडने आपली मायलेजप्लस योजना तारण ठेवून 6.8 अब्ज डॉलर उभे केले, डेल्टाने स्कायमाइल्सवर 9 अब्ज आणि अमेरिकनने 2021 मध्ये अ‍ॅडव्हांटेजवर 10 अब्ज. हे इथे सांगण्याचे कारण एवढेच की माइल हे कंपनीने स्वतः छापलेले चलन आहे. त्याचा भाव कंपनी ठरवते आणि तो बदलण्याचा हक्क अटी-शर्तींमध्ये राखून ठेवते. माइल्स साठवून श्रीमंत होता येत नाही, साठा पडून राहिला की त्याची किंमत उतरतच जाते.

खात्यात दोन वेगळे हिशेब चालतात आणि नवे सदस्य इथेच गोंधळतात. एक, खर्चता येणारे माइल्स: यातून तिकीट किंवा वरच्या वर्गाची जागा मिळते. दुसरा, दर्जा ठरवणारे पॉइंट: हे खर्चता येत नाहीत, ठरावीक वर्षात ठरावीक आकडा गाठला की सिल्व्हर, गोल्ड असा दर्जा मिळतो आणि नवे वर्ष लागले की मोजणी बहुधा पुन्हा शून्यावर येते. हे वर्ष कुठे जानेवारी ते डिसेंबर असते, तर कुठे तुमच्या सदस्यत्वाच्या तारखेपासून मोजतात. कार्डावरून किंवा खरेदीवरून आलेले माइल्स बऱ्याच योजनांमध्ये दर्जासाठी धरत नाहीत.

कोण अर्ज करू शकतो

खाते सहसा व्यक्तीच्या नावावर असते, कंपनी किंवा कुटुंबाच्या नावावर नाही. एका माणसाचे एका योजनेत एकच खाते. चुकून दोन उघडली गेली तर ग्राहक सेवेला दोन्ही क्रमांक कळवून ती एकत्र करून घ्यावी. दुसरे खाते सापडल्यावर ते बंद करण्याचा अधिकार कंपनीला असतो. वयाची अट योजनेगणिक बदलते: काही ठिकाणी दोन वर्षांपुढच्या मुलाचे स्वतंत्र खाते निघते, काही ठिकाणी 18 वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीने किंवा कौटुंबिक खात्यातूनच घेतात. स्वतंत्र जागा नसलेल्या तान्ह्या बाळाच्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी माइल्स मिळत नाहीत.

तिकिटाचे पैसे ऑफिसने भरले असले तरी माइल्स सहसा उडणाऱ्याच्याच खात्यात जातात. ऑफिसचा याबाबत वेगळा नियम असू शकतो, तो आधी विचारून घ्यावा.

अर्जातले नाव

अर्जात नाव, जन्मतारीख, पत्ता, मोबाइल आणि ईमेल एवढेच विचारतात. पुढच्या तक्रारींपैकी बऱ्याचशांचे मूळ नावाच्या रकान्यात असते. नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच, त्याच स्पेलिंगने भरावे. पासपोर्टवर मधले नाव असेल तर खात्यात आणि तिकिटातही एकच पद्धत ठेवावी. खाते 'अनिल देशमुख' आणि तिकीट 'देशमुख अनिल वसंत' असे निघाले तर काही प्रणाल्या जुळवून घेतात, काही माइल्स अडकवून ठेवतात. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर कंपनी तिकिटावर काय छापते ते आधी पाहावे आणि खात्यात तेच ठेवावे. बोर्डिंग पासवर नावाला चिकटून 'एमआर' किंवा 'एमआरएस' आलेले दिसते, त्याची काळजी नको. ती आरक्षण प्रणालीची जुनी सवय आहे, खात्यात मात्र तसे लिहू नये.

ईमेल ऑफिसचा देऊ नये. नोकरी बदलली की ओटीपी जुन्या पत्त्यावर जातो आणि खात्यात पुन्हा शिरायला ओळखपत्र पाठवून आठवडे घालवावे लागतात. मोबाइल क्रमांकाचेही तसेच.

नंतर कागद लागतात ते पुढील वेळी. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने नाव बदलले तर नवा पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्र किंवा नावबदलाचा अधिकृत दस्तऐवज. दुसऱ्या कंपनीतला दर्जा दाखवून इथे तसाच मागायचा असेल, ज्याला स्टेटस मॅच म्हणतात, तर तिथले सदस्य कार्ड आणि खात्याच्या विवरणाचा स्क्रीनशॉट. त्यावर नाव आणि दर्जाची मुदत दिसायला हवी. ही सवलत सहसा एकदाच मिळते, म्हणून मोठा प्रवास समोर असतानाच मागावी.

कोणत्या खात्यात जमा करायचे

ज्या कंपनीचे विमान तिचेच खाते हवे असे नाही. स्टार अलायन्स (1997), वनवर्ल्ड (1999) आणि स्कायटीम (2000) अशा विमान कंपन्यांच्या तीन मोठ्या युती आहेत. एकाच युतीतल्या कुठल्याही कंपनीने उडालात तरी माइल्स त्या युतीतल्या तुमच्या एका खात्यात घेता येतात. म्हणून सात कंपन्यांची सात खाती आणि प्रत्येकात चिल्लर यापेक्षा तुमच्या नेहमीच्या मार्गांवर जास्त उपयोगी पडणाऱ्या युतीतले एक खाते बरे. एका प्रवासाचे माइल्स एकाच खात्यात जातात आणि एकदा जमा झाले की दुसरीकडे हलवता येत नाहीत. विचार बदलला तर विमानात चढण्यापूर्वी, चेक-इन काउंटरवरच क्रमांक बदलून घ्यावा.

खाते निवडताना मुदतीचा नियम आधी वाचावा. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्ये आणि एमिरेट्सच्या स्कायवर्ड्समध्ये माइल्स साधारण तीन वर्षांनी बाद होतात, तुम्ही उडत असा वा नसा. अमेरिकनमध्ये 24 महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर जातात, म्हणजे मधे एखादा छोटा व्यवहार केला की मुदत पुढे सरकते. डेल्टा आणि युनायटेडमध्ये मुदतच नाही. क्वचित उडणाऱ्याला पहिला प्रकार जड जातो: तिकिटापुरते माइल्स जमायच्या आत आधीचे गळून पडतात.

एका अक्षराची गंमत

तिकिटावर इकॉनॉमी लिहिलेले असते, पण तिच्या पोटात दहा-बारा भाडेवर्ग असतात आणि प्रत्येकाला एक इंग्रजी अक्षर. 'वाय' म्हणजे पूर्ण भाड्याची इकॉनॉमी. जिथे माइल्स अजून अंतरावर मोजतात तिथे 'वाय'ला पूर्ण अंतराचे मिळतात, सवलतीच्या अक्षरांना अंतराच्या 50 टक्के, 25 टक्के किंवा शून्य. लंडन ते न्यूयॉर्क सुमारे 3,450 मैल आहे, त्याचे 25 टक्के म्हणजे 860 च्या आसपास. शेजारच्या खुर्चीतला माणूस त्याच विमानात पूर्ण 3,450 घेऊन उतरतो. हे अक्षर ई-तिकिटावर 'क्लास' या शब्दाजवळ सापडते. तिकीट काढण्यापूर्वी, जिथे जमा करायचे त्या योजनेच्या संकेतस्थळावर ज्या कंपनीने उडणार तिचा तक्ता उघडून हे अक्षर तपासावे. ग्रुप बुकिंग, टूर पॅकेजमधली तिकिटे आणि माइल्सवर काढलेली तिकिटे यांवर सहसा काहीच मिळत नाही.

कोडशेअरमध्ये आणखी एक मेख आहे. तिकीट एका कंपनीच्या क्रमांकाचे आणि विमान दुसरीचे असेल तर कुठल्या तक्त्याप्रमाणे माइल्स मिळणार हे योजनेच्या नियमावर ठरते. प्रत्यक्ष उडवणारी कंपनी तुमच्या योजनेची भागीदार नसेल तर हात रिकामे राहण्याची शक्यता मोठी.

माइल्स आले नाहीत तर

खाते ज्या कंपनीचे तिच्याच विमानाने उडालात तर माइल्स काही दिवसांत दिसतात, भागीदार कंपनीचे यायला कित्येकदा काही आठवडे लागतात. तोपर्यंत बोर्डिंग पास फेकू नये. मोबाइलमधला पास उड्डाणानंतर अ‍ॅपमधून नाहीसा होऊ शकतो, म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवावा. मग क्रमाने असे करावे:

1. खात्यातला 'मिसिंग माइल्स' किंवा तशा नावाचा अर्ज उघडावा. मुदत योजनेप्रमाणे साधारण सहा महिने ते एक वर्ष असते.

2. तिकीट क्रमांक भरावा. तो 13 आकडी असतो आणि पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात, जसे युनायटेडचे 016, लुफ्तान्साचे 220, सिंगापूरचे 618. सहा अक्षरांचा पीएनआर म्हणजे तिकीट क्रमांक नव्हे. अर्ज परत येण्याचे हे नेहमीचे कारण.

3. जाताना आणि येताना, तसेच मधे विमान बदलले असेल तर प्रत्येक टप्प्याचा वेगळा दावा टाकावा.

4. ई-तिकिटाची पावती आणि बोर्डिंग पास जोडावा. वरच्या वर्गात मोफत बसवले असेल तर पासवरचे अक्षर वेगळे दिसते, पण माइल्स पैसे भरलेल्या वर्गाचेच मिळतात. त्यावरून भांडून उपयोग नाही.

सदस्य होण्यापूर्वीचा प्रवासही काही योजना धरतात, अमेरिकनमध्ये तो आधीच्या 30 दिवसांपर्यंतचा असतो. तरी खाते तिकीट काढण्याआधीच उघडलेले बरे.

बोर्डिंग पासचा फोटो सोशल मीडियावर टाकू नये. त्या बारकोडमध्ये पीएनआर असतो आणि बहुधा सदस्य क्रमांकही. तेवढ्यावर तिऱ्हाईत माणूस तुमच्या आरक्षणापर्यंत पोचू शकतो.

खर्च करताना

माइल्सवर मिळणाऱ्या जागा मोजक्या असतात. आरक्षण प्रवासाच्या साधारण 330 ते 360 दिवस आधी खुले होते. सुट्टीच्या हंगामातल्या जागा तेव्हाच पाहाव्यात, नाहीतर अगदी शेवटच्या दिवसांत. तिकीट 'फुकट' असले तरी विमानतळ शुल्क आणि कर रोख भरावे लागतात आणि काही कंपन्या इंधन अधिभारही लावतात. म्हणून हिशेब असा करावा: रोखीच्या तिकिटाची किंमत 24,000 रुपये, माइल्सच्या तिकिटावर रोख भरायचे 6,000, लागणारे माइल्स 30,000. वाचले 18,000, म्हणजे एका माइलला 0.60 रुपये. आता त्याच तिकिटाला रोख 12,000 च पडत असेल तर भाव 0.20 वर येतो. अशा वेळी पैसे द्यावेत आणि माइल्स राखावेत. बिझनेस क्लासच्या लांबच्या तिकिटावर हा भाव सहसा सर्वांत चांगला येतो, माइल्सवर मिक्सर-बॅगा देणाऱ्या कॅटलॉगमध्ये सर्वांत वाईट.

बँकेचे पॉइंट माइल्समध्ये वळवले की परत फिरवता येत नाहीत. आधी हवी ती जागा त्या तारखेला दिसते आहे का ते पाहावे, मगच वळवावे. आणि वळवायला लागणाऱ्या एक-दोन दिवसांत जागा जाऊ शकते हेही धरून चालावे. माइल्सचे तिकीट रद्द केले तर शुल्क कापून माइल्स परत येतात, मात्र मधल्या काळात ज्यांची मुदत संपली ते बऱ्याच योजनांमध्ये येत नाहीत.

दर्जाच्या मागे लागावे का

स्टार अलायन्स गोल्डला लाउंज, म्हणजे विमानतळावरचा खास प्रतीक्षाकक्ष, आणि 20 किलो किंवा एक नग जादा सामान मिळते. वनवर्ल्डमध्ये सफायर या दर्जापासून लाउंज उघडतो. स्कायटीममध्ये एलिट प्लस या दर्जाला मिळणारा लाउंज आंतरराष्ट्रीय प्रवासापुरता आहे. महिन्यातून दोन-तीनदा ऑफिसच्या खर्चाने उडणाऱ्याला हे आपोआप मिळते आणि त्याचा उपयोगही होतो. स्वतःच्या खिशातून, केवळ पॉइंट कमी पडतात म्हणून डिसेंबरात जास्तीचा प्रवास करणे मात्र आतबट्ट्याचे. तेवढ्या पैशात कित्येकदा जादा सामान आणि लाउंज दोन्ही थेट विकत मिळतात.

सदस्याच्या मृत्यूनंतर माइल्सचे काय, हे फार कमी जण वाचतात. बऱ्याच योजनांच्या अटींत माइल्स ही सदस्याची मालमत्ता मानलेली नाही, त्यामुळे ते वारसाहक्काने आपोआप मिळत नाहीत. तरी मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद पाठवल्यास काही कंपन्या ते वारसाच्या खात्यात वळवतात. मागणी लवकर करावी, आणि तोवर मृताच्या खात्यातून कोणी तिकीट काढू नये, कारण तसे आढळल्यास खाते गोठवले जाऊ शकते.