माहिती मागताय? कारण सांगायची गरज नाही

"माहिती कशाला हवीय? आधी कारण लिहा, मग अर्ज घेतो." पंचायत समितीपासून महापालिकेपर्यंत कुठल्याही खिडकीवर हे वाक्य ऐकू येतं, आणि लोकही निमूटपणे 'वैयक्तिक कामासाठी' असं लिहून देतात. काही गरज नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ६(२) स्वच्छ सांगतं: अर्जदाराला कारण विचारता येत नाही. संपर्कापुरता तपशील द्यायचा, बस्स. दुसऱ्याची खासगी माहिती मागितलीत तर मात्र सार्वजनिक हित दाखवावं लागतं.

कारण सांगायची अट नसण्यामागे इतिहास आहे. १९९४ साली राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाया सुरू केल्या. रोजगाराच्या कामांची हजेरीपत्रकं चारचौघांत मोठ्याने वाचली जायची आणि मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी उचललेली निघायची! आता हजेरीपत्रक मागणाऱ्या मजुराने कारण काय लिहायचं? 'तुमची चोरी पकडायची आहे'?

महाराष्ट्रात खरी अट वेगळीच आहे, आणि ती कोणी सांगत नाही. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय, तोही साधारण १५० शब्दांत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही माफ. 'असं का केलं?' विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. 'हजेरीपत्रकाची प्रत द्या' म्हणा. आणि पोच घ्यायला विसरू नका, उत्तर देण्याच्या मुदतीचे ३० दिवस तिथूनच मोजायचे असतात.