दर दोन तासांनी खाल्लं की चयापचय वाढतं?

‘दर दोन तासांनी थोडं थोडं खा, चयापचयाची भट्टी पेटती राहते आणि वजन उतरतं’ हा सल्ला आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी फॉरवर्ड होऊन आला असेल. तो पटतो, कारण त्याच्या मुळाशी खरी गोष्ट आहे: जेवण पचवायलाही शरीराला ऊर्जा लागते.

मात्र ती लागते खाल्लेल्या अन्नाच्या प्रमाणात, मिश्र आहारात साधारण 10 टक्के. कागदावर मांडून बघा. दिवसाला 1800 कॅलरी तीन जेवणांत घेतल्या, तर प्रत्येक 600 मागे 60, म्हणजे एकूण 180 खर्च. त्याच सहा वेळांत विभागल्या, तर 300 मागे 30. एकूण पुन्हा 180च! फरक पडतो तो पदार्थाने. प्रथिनं पचवायला 20 ते 30 टक्के जातात, तेलातुपाला जेमतेम 3.

मग काहींचं वजन खरंच कसं उतरतं? थोडं थोडं खाल्ल्याने त्यांना जेवायच्या वेळी कडकडून भूक लागत नाही, एकूण खाणंच कमी होतं. उलटही घडतं. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 170 कॅलरी असतात, आणि डबा हाताशी असला की मूठ एकावर थांबत नाही (माझी तरी नाही).

आठवडाभर चहाबिस्किटांसकट सगळं वहीत लिहा, बेरीज करा. मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदला.